‘माशाअल्लाह, छान आहे!’ पुढे काय?

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारी असरची नमाज झाली, आम्ही दोघं चहाला बसलो आणि तेवढ्यात आमची भाची लॅपटॉप घेऊन आली. पनवेलात तिचं घर आणि आमचं घर एकाच गल्लीत, त्यामुळे दार वाजवायची तिला सवय नाही. “खाला, खालू, दोघंही बघा आणि खरं सांगा,” असं म्हणत तिनं लॅपटॉप आमच्यापुढे ठेवला.

ही मुलगी कमर्शियल आर्ट शिकली. चार वर्षं रोज हार्बर लोकलने मुंबईला जाऊन तिनं जाहिरातीच्या ऑफिसात नोकरी केली. आता स्वतःचं काम सुरू करतेय: लग्नपत्रिका, दुकानांचे बोर्ड, हॉटेलांची मेनूकार्डं, मिठाईचे खोके. नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर, सगळीकडे नवी दुकानं उघडताहेत, तेव्हा कामाला तोटा नाही, असा तिचा हिशेब. त्यासाठी छोटा गाळा भाड्याने घेतला. अनामत भरायला तिच्या अम्मीनं हातातल्या दोन बांगड्या मोडल्या. बोर्डवाल्याला पंधरा हजार रुपये आगाऊ देऊन झाले होते आणि मंगळवारी तो अक्षरं कापायला घेणार होता. राहिला होता फक्त लोगो. तोच ती दाखवत होती.

तिच्या व्यवसायाचं नाव ‘न’ने सुरू होतं, म्हणून तिनं उर्दूतला ‘नून’ घेतला होता. खाली वाडग्यासारखी गोल रेघ आणि वर नुक्त्याच्या जागी कलमाची निब, टोक वर केलेली. भोवती अगदी बारीक अक्षरांत बिस्मिल्लाह. रंग सोनेरी, कडेला फिकट होत गेलेला. सूरह कलम ‘नून’ या अक्षराने सुरू होते आणि लगेच कलमाची शपथ येते, हे ती लहानपणी मक्तबात शिकली होती. कल्पना मनातून आलेली होती.

आम्ही काय केलं? बहुतेक घरांत जे होतं तेच. “माशाअल्लाह, छान आहे!” म्हणालो आणि चहाचा कप उचलला.

“सगळे हेच म्हणतात,” ती म्हणाली, पण तिचा चेहरा काही खुलला नाही. नात्यातल्या बावीस जणांना तिनं तो मोबाइलवर पाठवला होता. बावीस जणांकडून माशाअल्लाह, अंगठा आणि गुलाबाची फुलं आली होती.

तेवढ्यात आमचा नातू खेळून आला. तिसरीत आहे. पाणी पिता पिता त्यानं स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाला, “पणती!”

सगळे गप्प झाले. खाली गोल वाडगं, वर टोकदार ज्योत. एकदा ऐकल्यावर आम्हालाही दुसरं काही दिसेना.

त्या रात्री आमच्या लक्षात आलं की मुलगी मशवरा मागायला आली होती आणि आम्ही तिला दुआ देऊन वाटेला लावत होतो. दुआ द्यायलाच हवी, पण ती मशवऱ्याच्या जागी चालत नाही. कुरआनातल्या एका सूरेचं नावच ‘शूरा’ आहे, म्हणजे मशवरा. खंदकच्या वेळी मदिनेभोवती चर खोदायची कल्पना हजरत सलमान फारसी (रजि.) यांची होती. इराणात ती रीत होती, अरबांना नवी होती. रसूलुल्लाह (सल्ल.) यांनी ती मान्य केली. ज्याला त्या कामाची माहिती आहे त्याला विचारायचं आणि त्याचं पटलं तर स्वीकारायचं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. घरातल्या लेकीच्या कामाला ते लावायचं मात्र सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही वेगळ्या तऱ्हेने विचारायचं ठरवलं. लोगो कागदावर छापला, एक मोठा आणि एक अंगठ्याच्या नखाएवढा. तो घेऊन मेडिकलवाला, शिंपी, रिक्षावाला, शेजारच्या काकू, मदरशातले मौलाना, जो भेटेल त्याला पाच आकडे मोजेपर्यंत दाखवायचा, झाकायचा आणि विचारायचं, “हे कशाचं दुकान असेल?” कुणाचा लोगो, त्यात काय काढलंय, एक अक्षर सांगायचं नाही. छान आहे का, हेही विचारायचं नाही. तसं विचारलं की माणूस ‘हो’च म्हणतो. आपली लोकं भिडस्त, तोंडावर वाईट बोलत नाहीत.

अकरा जणांना विचारलं. सात जणांना पणती किंवा दिवा दिसला. दोघांना होडी दिसली. कोकणातली माणसं, त्यांना दुसरं काय दिसणार? एकाला गरम सूपचा वाडगा वाटला. ‘नून’ ओळखला फक्त मौलानांनी. पणतीत वाईट काही नाही, पण आमची भाची पणत्या विकणार नव्हती.

दोन गोष्टी अशा निघाल्या की आम्हाला स्वतःला कधी सुचल्या नसत्या. पहिली तिच्या नानीकडून. नानीला आता बारीक दिसत नाही. तिनं कागद डोळ्यांजवळ धरला आणि विचारलं, “हे भोवती काय लिहिलंय?” बिस्मिल्लाह, असं सांगितल्यावर म्हणाली, “हे तुझ्या खोक्यांवर, पिशव्यांवर येणार ना? मिठाई संपली की खोका कुठे जातो?” लग्नाचा मोसम संपला की पत्रिका कचऱ्यात, गटाराच्या कडेला पडलेल्या आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. भाचीनं त्याच रात्री बिस्मिल्लाह काढून टाकलं. नखाएवढ्या आकारात तसाही त्याचा नुसता काळा डाग झाला होता.

दुसरी गोष्ट बोर्डवाल्याने सांगितली. म्हणाला, “ताई, हा फिकट होत जाणारा सोनेरी रंग मोबाइलवरच शोभतो. फ्लेक्सवर तो मातकट उतरेल आणि रबर स्टॅम्पवर उतरणारच नाही. आणि नाव नुसतं इंग्रजीत कसं चालेल?” बरोबर होतं त्याचं. राज्याने २०२२ मध्ये दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती केली, तेव्हापासून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानालाही मराठी पाटी सक्तीची आहे. दुसरी भाषा चालते, पण देवनागरी अक्षरं तिच्यापेक्षा लहान नकोत. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दुकानदारांना पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली होती. म्हणजे लोगोशेजारी मराठी नाव मोठ्या अक्षरांत कसं बसेल, हे आधीच पाहायला हवं होतं. भाचीनं सगळी मांडणी इंग्रजी नावाभोवती केली होती.

आता अवघड भाग. भाचीची कॉलेजातली एक मैत्रीण कल्याणला हेच काम करते. लोगो तिलाही पाठवला होता. तिचं उत्तर तीन ओळींचं आलं. निबेचं टोक कुठे बघतंय ते पाहा. रंग काढून नुसत्या काळ्यात बघ. आणि हा लोगो तू स्वतःला खूश करायला काढला आहेस, गिऱ्हाईकाला काय दिसेल ते पाहिलंच नाहीस.

तिसरी ओळ लागली. भाचीनं तिला उत्तरच दिलं नाही. “जळते ती, खाला. तिचं पण हेच काम आहे ना!” असं म्हणून फोन उलटा ठेवला.

आम्ही तिला एवढंच म्हणालो, “बेटा, जळणारी असती तर ‘छान आहे, छापून टाक’ म्हणाली असती. तुझे पैसे वाया गेले असते आणि तिचं काहीच गेलं नसतं.” ती काही बोलली नाही. पण रात्री उशिरापर्यंत तिच्या खिडकीत दिवा होता. सकाळी तिनं आधी बोर्डवाल्याला फोन केला आणि काम आठ दिवस थांबवायला सांगितलं.

मोठ्यांच्या कामातही असं होतं. मिंत्रा ही कपडे विकणारी मोठी कंपनी. तिचा लोगो लाखो मोबाइलांवर होता. २०२० च्या डिसेंबरमध्ये मुंबईतल्या एका महिलेनं सायबर पोलिसांकडे तक्रार केली की तो बाईच्या देहाचा अपमान करणारा दिसतो. पुढच्याच महिन्यात कंपनीनं तो बदलला. अॅप, वेबसाइट, पार्सलची पाकिटं, सगळीकडे बदल करणं आलं. रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट आपल्याला नव्याने दिसत नाही. त्यासाठी परका डोळा लागतो.

मग सगळ्या गावाची मतं घेऊन बहुमताने लोगो ठरवायचा का? तसंही नाही. आपल्या रुपयाचं चिन्ह आठवा. त्यासाठी खुली स्पर्धा झाली, ३,३३१ चिन्हं आली, पण निवड मतदानाने झाली नाही. परीक्षकांत चित्रकला-डिझाइनच्या संस्थांतले जाणकारही होते. त्यांनी पाच चिन्हं निवडली आणि त्यांतून पवईच्या आयआयटीत डिझाइनचा अभ्यास केलेल्या उदय कुमार यांच्या चिन्हाला सरकारने १५ जुलै २०१० रोजी मान्यता दिली. देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ त्यात एकत्र आहेत. आणि स्वच्छ भारतचा लोगो? तो २०१४ साली कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी केला. नुसता चष्मा, तरी गांधीजी कुणाला सांगावे लागत नाहीत. ज्या चित्राजवळ उभं राहून आपल्याला अर्थ समजावावा लागतो, ते बोर्डवर चढल्यावर कोण समजावणार?

तेव्हा आम्ही भाचीसाठी माणसांची वाटणी केली. काय दिसतं, हे अनोळखी माणसाला विचारायचं. कसं छापलं जाईल, हे छापणाऱ्याला आणि बोर्डवाल्याला. रेघ, तोल, अक्षर यांबद्दल त्याच धंद्यातल्या दोन-तीन जणांना. कुणाला खटकेल का, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना. दोष सगळ्यांनी दाखवावा, पण तो कसा काढायचा हे तिचं तिनं ठरवावं. ‘हिरवा कर’, ‘चंद्र टाक’, ‘मिनार पण टाक’ असले हुकूम ऐकत बसली असती तर लोगोची खिचडी झाली असती. तीन वेगवेगळ्या माणसांनी एकाच जागेवर बोट ठेवलं, तर मात्र ती जागा दुरुस्त करायची.

आणखी एक काम याच वेळी करून घ्यायचं. आपल्यासारखा लोगो कुणाकडे आधीच आहे का, हे ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी वेबसाइटवर फुकट शोधता येतं. वस्तू आणि सेवांचे एकूण ४५ वर्ग आहेत. डिझाइनची सेवा ४२ व्या वर्गात येते. एकट्या व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये पडते आणि नोंदणी झाली की ती दहा वर्षं चालते, पुढे वाढवता येते. मोबाइलवरच्या फुकट अॅपमधलं तयार चित्र उचलून लोगो केला, तर तेच चित्र दुसऱ्या दहा दुकानांवरही दिसू शकतं. त्यावर आपला हक्क कसा सांगणार? भाचीचं चित्र तिच्या हातचं होतं, म्हणून ही काळजी नव्हती.

पाच दिवसांनी ती परत आली. यावेळी स्क्रीन दाखवली नाही. एक कागद टेबलावर ठेवला आणि आमच्या नातवाला हाक मारली. निब आता उलटी होती, टोक खाली, ‘नून’च्या पोटात उतरलेलं. एकच गडद निळा रंग. शेजारी मराठी नाव, ठसठशीत.

नातवानं पाहिलं. “शाईची दौत आणि पेन,” म्हणाला आणि खेळायला पळाला. भाची हसली नाही. डोळे पुसत राहिली.

त्या मैत्रिणीला तिनं नवा लोगो पाठवला, सोबत ‘माफ कर, उशीर झाला’. तिचं उत्तर आलं, ‘आता बोर्ड लाव.’ परवा त्याच मैत्रिणीनं स्वतःच्या कामाचा एक नमुना भाचीला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘छान आहे म्हणू नकोस.’

वाचकहो, तुमच्या घरातही कुणी काहीतरी सुरू करत असेल. सून केक करत असेल, मुलगा दुकान टाकत असेल, लेक मेंदीचे क्लास घेत असेल. ते काही दाखवायला आले की ‘माशाअल्लाह’ जरूर म्हणा. मग चहाचा कप खाली ठेवा, नीट बघा आणि तुम्हाला काय दिसतंय ते सांगा.