नदीकाठचे लग्न

उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी आमच्या एका विद्यार्थिनीचे वडील मजकडे आले. थोरल्या मुलीचे लग्न ठरले होते व ते प्रवरासंगमास, गोदावरीच्या काठी, उघड्या आकाशाखाली व्हावे असा तिचा हट्ट होता. घरच्यांचा विरोध होता. "तुम्ही काय म्हणता, सर?" त्यांनी विचारले. मी कारण विचारले तेव्हा म्हणाले, "पोरगी तिसगावात वाढली. टँकरमागे हंडा घेऊन धावली. तिला लग्नात डोळे भरून पाणी पाहायचे आहे."

काटकसरीवर चार शब्द सुनावण्याची माझी तयारी होती. ती जागच्या जागी राहिली.

नदीकाठचे लग्न म्हणजे शहरी थेर, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मला तसे वाटत नाही. आमचा पाथर्डी तालुका अवर्षणाचा. येथील ओढेनाले पावसाळ्यापुरते वाहतात. गोदावरीस आमचे लोक नुसते 'गंगा' म्हणतात व तिच्या काठच्या मुलखास गंगथडी. तेथे जाऊन मंगल कार्य करावे असे कोणास वाटले, तर त्यात हसण्यासारखे काय आहे?

माझा आक्षेप निराळा आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका लग्नास मी गेलो होतो. सोहळा देखणा झाला. परंतु सायंकाळी पाहावे तो काठावर थर्माकोलच्या ताटांचा खच पडलेला, पाण्यात उष्टे अन्न तरंगणारे, आणि आचाऱ्याची माणसे साबणाच्या भुकटीने पातेली नदीतच घाशीत बसलेली. अशा ताटांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, हे तेथील सुशिक्षितांस ठाऊक नव्हते असे नाही. मीही त्यांतलाच एक. जेवून, आहेर देऊन मुकाट्याने घरी आलो.

आता त्या कचऱ्याचे पुढे काय होते ते पाहा. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ साली पुरे झाले. त्याच्या नाथसागर जलाशयाचा फुगवटा वर प्रवरासंगमाच्या बाजूस पसरतो. वैशाखात पाणी ओसरते, काठ उघडा पडतो, आणि आपणांस वाटते की ही मांडवासाठी आयतीच मोकळी जागा! वास्तविक ती नदीच असते. केवळ काही महिन्यांपुरती कोरडी. पावसाळ्यात जलाशय भरू लागला की काठावर टाकलेले सर्व पाण्याखाली जाते. छत्रपती संभाजीनगर हे पाणी पिते. आणि आमच्या लोकांस ऐकून नवल वाटेल, शेवगाव व पाथर्डी ही गावेही नळाने तेच पाणी पितात. म्हणजे पाथर्डीकडचे वऱ्हाड गंगेवर जाऊन जे टाकून येते, त्याचा अंश नळावाटे त्याच्याच घरी परत येणार.

त्या जलाशयाखाली अनेक गावांच्या जमिनी गेल्या आहेत. तेथल्याही अंगणांत कधी मांडव पडले असतील. तेथे वाजंत्री लावताना एवढे तरी मनात असावे.

शहरांत हीच हौस पक्क्या बांधकामाचे रूप घेते. पुण्यात मुठेच्या काठी पूररेषेच्या आत लग्नाची लॉन्स उभी राहिली. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्याचे पाणी सोडले तेव्हा त्याच नदीकाठच्या एकतानगरीत ते घराघरांत शिरले. नदीची जागा अडविली की पुराला दुसरी वाट शोधावीच लागते.

हे सर्व मी त्या गृहस्थांस सांगितले. मग म्हणालो, "लग्न काठावरच करा, पण जेवणावळ गावात, पंगत पळसाच्या पत्रावळींवर, भांडी विहिरीपाशी, आणि फटाके नकोत." ते जरा रुसले. फटाक्यांवरून तर आमची चांगलीच हुज्जत झाली, आणि शेवटी वरपक्षाने थोडे उडविलेच.

लग्न झाले. अक्षता पडण्यापूर्वी मुलगी करवलीचा हात सोडून एकटीच पाण्यापर्यंत गेली व पाऊल बुडवून बराच वेळ उभी राहिली. भटजी घड्याळ पाहू लागले, तरी तिला कोणी हाक मारली नाही. दुसऱ्या दिवशी तिचे चुलतभाऊ फटाक्यांचे कागद वेचावयास गेल्याचे मला मागाहून कळले. पत्रावळींचे दोन गठ्ठे उरले होते. ते मी शाळेच्या स्नेहसंमेलनाकरिता मागून घेतले आहेत.