खांदेरीच्या दीपाचा वाली कोण?

ज्या वस्तूचा उपयोग नित्य होतो, तिच्या रक्षणाची चिंता सहसा कोणी करीत नाहीं. मुंबई बंदराच्या मुखाशीं असलेल्या दीपगृहांची गोष्ट अशीच आहे. मालानें भरलेलें जहाज सुखरूप धक्क्याला लागलें, कीं व्यापारी आपल्या मालाचा हिशेब पाहतो. ज्या प्रकाशानें खडकांची सूचना दिली, त्याचें स्मरण त्यास होत नाहीं.

थळच्या किनाऱ्यासमोरील खांदेरी बेटाचा इतिहास आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. १६७९ सालीं शिवछत्रपतींनीं तेथें किल्ला बांधावयास काढला, तेव्हां इंग्रज व सिद्दी या दोघांनीं विरोध केला. मायनाक भंडारी व दौलतखान यांनीं तो मोडून काढला आणि बांधकाम तडीस नेलें. १७१८ सालीं कान्होजी आंग्र्यांच्या अमदानींत इंग्रजांनीं या किल्ल्यावर पुन्हा चाल केली व ते हात हालवीत परतले. काळाचा खेळ असा, कीं ज्या बेटावर त्यांच्या तोफा निष्फळ झाल्या, त्याच बेटावर १८६७ सालीं त्यांच्याच राजवटींत दगडी दीपगृह उभें राहिलें. पुढें १८७५ सालीं कुलाब्याच्या दक्षिणेकडील खडकांवर प्राँग्जचा दीप लागला.

कोणी म्हणेल, परक्यांनीं आपल्या व्यापाराच्या सोयीसाठीं उभारलेल्या मनोऱ्याचें कौतुक आपण कां करावें? आमचें उत्तर असें, कीं हेतु त्यांचा असला तरी त्याचे दगड घडविणारे हात येथलेच होते. शिवाय दीपाचा प्रकाश जहाजावरील निशाण पाहून पडत नाहीं. दुसरा आक्षेप असा, कीं उपग्रहावरून जहाजाचें स्थान कळत असतां दीपगृह हवें कशास? हा प्रश्न मोठ्या जहाजाच्या कप्तानास न विचारतां थळच्या कोळ्यास विचारावा. यंत्र बिघडतें, डोळ्यांना दिसणारा दीप बिघडलेल्या यंत्राचीही उणीव भरून काढतो. हा समुद्र किती निष्ठुर आहे, हें १७ जुलै १९४७ रोजीं भर दिवसा कळून चुकलें. मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली व सहाशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं.

आतां कायद्याकडे वळूं. १९२७ चा दीपगृहांचा कायदा रद्द होऊन २०२१ सालीं नवा कायदा आला. त्यांत दीपगृहास वारसा म्हणून घोषित करण्याची व शिक्षण, संस्कृति आणि पर्यटन यांसाठीं त्याचा उपयोग करण्याची तरतूद आहे, ही गोष्ट स्वागतार्ह होय. परंतु ती मध्यवर्ती सरकारच्या ताब्यांतील दीपांपुरती आहे, आणि तीही ‘करतां येईल’ अशा स्वरूपाची. ‘केलेंच पाहिजे’ अशी नव्हे. खांदेरीचा दीप मुंबई बंदराच्या कारभारांत आहे. किल्ला राज्याच्या पुरातत्त्व खात्याचा. आणि बेटावरील वेताळदेव कोळ्यांचा. २०२५ सालीं युनेस्कोनें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशांत स्थान दिलें, त्यांत खांदेरी आहे. मान जगाचा मिळाला. पण घराला मालक तीन असले, कीं गळणारें छप्पर कोणाचेंच नसतें, हें कोर्टांत वाटणीचे दावे पाहिलेल्या कोणासही सांगावयास नको.

म्हणून आमची मागणी थोडक्यांत अशी. या तिघांनीं मिळून एकच लेखी योजना करावी व तींत तट, मनोरा आणि दीप यांच्या दुरुस्तीची जबाबदारी कलमवार नेमून द्यावी. पर्यटनाची सोय अवश्य करावी. पण कोळ्यांस विश्वासांत घेतल्यावांचून नव्हे. मुंबईच्या व्यापारी मंडळींनींही खर्चाचा वांटा उचलावा. तो दानधर्म नसून जुनें देणें आहे. ज्या दीपानें दीडशें वर्षें दुसऱ्यांच्या जहाजांची राखण केली, त्याची राखण करण्यास आपल्यापैकीं कोणीच पुढें येऊं नये, ही स्वतंत्र राष्ट्रास शोभणारी गोष्ट नव्हे.