एकट्याचे दुकान, साऱ्या जगाचे नियम

मोबाइल अ‍ॅपच्या अर्थकारणावर भारतात जो वाद होतो, तो बहुधा कमिशनपाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये प्ले स्टोअरच्या देयक-धोरणावरून गुगलला 936.44 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मार्च 2025 मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो 216.69 कोटींवर आणला. दोन्ही वेळा बातम्यांमध्ये टक्केवारीचीच चर्चा होती. मोठ्या कंपन्यांच्या दृष्टीने ती रास्तच आहे. पण घरातल्या एका टेबलावर अ‍ॅप घडवून ते जगाला विकू पाहणाऱ्या स्वतंत्र विकासकाच्या वाटेत कमिशन हा कदाचित सर्वांत लहान दगड आहे.

2021 पासून अ‍ॅपल आणि गुगल या दोघांनीही वार्षिक दहा लाख डॉलरपर्यंतच्या उलाढालीसाठी हा दर 15 टक्क्यांवर आणला. त्या मोबदल्यात शंभराहून अधिक देशांत वितरण, पैशांची वसुली आणि अनेक ठिकाणी स्थानिक कराचा भरणाही होतो. एकट्या माणसाला हे स्वतः करायचे म्हटले तर आयुष्य पुरणार नाही. हा व्यवहार एकतर्फी लूट आहे, असे म्हणणे म्हणूनच अर्धसत्य ठरते.

खरी अडचण अशी, की भारतीय विकासकाचे वापरकर्ते एकीकडे असतात आणि पैसा दुसरीकडे. देशात अ‍ॅप फुकट उतरवून घेणारे असंख्य, विकत घेणारे मोजके, आणि जाहिरातीचा दर अमेरिकी प्रेक्षकाच्या तुलनेत अगदीच तुटपुंजा. मासिक वर्गणीचा मार्ग होता, तर ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेचे आवर्ती देयकांचे नियम लागू झाले. नियम ग्राहकहिताचेच होते. पण 2022 मध्ये अ‍ॅपलने भारतीय कार्डे स्वीकारणेच थांबवले आणि चालू वर्गण्या तुटल्या. पुढे प्ले स्टोअरवर यूपीआय ऑटोपे आले, तोवर ज्यांचे ग्राहक गेले ते गेले. म्हणजे चरितार्थ चालवायचा तर परदेशी ग्राहक हवा, आणि परदेशी ग्राहक म्हटला की परदेशी नियम आले.

हे नियम कंपन्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असतात. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यानुसार तेथे अ‍ॅप विकणाऱ्या व्यापाऱ्याला आपला पत्ता, दूरध्वनी क्रमांक आणि ईमेल जाहीर करावा लागतो. ही माहिती न देणाऱ्यांची अ‍ॅप अ‍ॅपलने फेब्रुवारी 2025 मध्ये तेथील स्टोअरमधून काढण्यास सुरुवात केली. कंपनीला तिच्या कार्यालयाचा पत्ता देताना काहीच वाटत नाही. एकटीने काम करणाऱ्या विकासक तरुणीला मात्र राहत्या घराचा पत्ता जगापुढे ठेवावा लागतो. त्यावर उपाय म्हणजे टपालपेटी किंवा भाड्याचा पत्ता, म्हणजे पहिला रुपया मिळण्याआधीचा खर्च. ग्राहकाला विक्रेता कोण हे कळावे, हा हेतू चांगलाच आहे. दुकान आणि घर एकच असू शकते, एवढेच कायदा करणाऱ्यांना सुचले नसावे.

गुगलचा नियम याहून बोलका आहे. नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला अ‍ॅप प्रसिद्ध करण्याआधी 20 परीक्षकांकडून सलग 14 दिवस चाचणी करून घेणे सक्तीचे झाले. पुढे ही संख्या 12 वर आली. संस्थेच्या खात्याला ही अट नाही. फसव्या अ‍ॅपना आळा बसावा हा उद्देश. प्रत्यक्षात अनोळखी लोक एकमेकांची अ‍ॅप उतरवून घेऊन चौदा दिवस मोजत बसतात. अशा चाचणीतून दर्जा कसा सिद्ध होतो, हे संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याने अवश्य विचारावे.

यानंतर कागद येतात. अमेरिकी करविभागासाठी डब्ल्यू-8 बेन हा अर्ज. तो न भरल्यास तेथील उत्पन्नातून 30 टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. भारतात सेवांच्या निर्यातीवर जीएसटी शून्य, पण नोंदणी झाली की ते शून्य मिळवण्यासाठी हमीपत्र आणि परकीय चलन जमा झाल्याचे पुरावे. महिन्याला काही हजार रुपये कमावणाऱ्याने सनदी लेखापालाला किती द्यावेत?

आणि या सगळ्यावर टांगती तलवार असते ती खाते बंद होण्याची. एखादी स्वयंचलित प्रणाली नियमभंग ठरवते, साचेबद्ध ईमेल येतो, अपिलालाही तसेच साचेबद्ध उत्तर मिळते. मोठ्या कंपन्यांची गोष्ट वेगळी. मार्च 2024 मध्ये गुगलने शुल्काच्या वादावरून काही नामांकित भारतीय अ‍ॅप काढली, तेव्हा केंद्रीय मंत्र्यांनी लक्ष घातले आणि काही दिवसांतच ती परतली. एकट्या विकासकासाठी कोणता मंत्री बैठक बोलावणार? म्हणून नियामकांनी टक्केवारीइतकाच आग्रह दोन गोष्टींसाठी धरायला हवा: खाते बंद करताना नेमके कारण लेखी द्यावे, आणि अपील यंत्राने नव्हे, माणसाने वाचावे. त्यासाठी कोणाला दंडाची मोठी रक्कम भरावी लागत नाही. कदाचित म्हणूनच त्याची बातमी होत नसावी.