जमिनीची किंमत : मातीची कीं जागेची ?

हल्लीं चार शेतकरी एकत्र बसले म्हणजे पाऊसपाण्याच्या आधीं जमिनीच्या भावाची गोष्ट निघते. हमरस्त्यालगत अमक्यास एकरीं इतके मिळाले, तेव्हां आपल्याही जमिनीचा भाव तोच, असा हिशेब जो तो मनांत करितो. माझी सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. सातबाऱ्याचे उतारे व फेरफार लिहितां लिहितां जें पाहिलें, त्यावरून हा हिशेब शेतकऱ्याचा घात करणारा आहे, असें माझें मत झालें आहे.

जमिनीस किंमती दोन. एक मातीची व दुसरी जागेची. मातीची किंमत पिकावरून ठरते. 1835-36 च्या सुमारास इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट यांनीं जमाबंदीची जी पद्धत घातली, तींत मातीचा रंग व खोली पाहून सोळा आण्यांत प्रतवारी लावीत असत. जागेची किंमत मात्र रस्ता, स्टेशन, लोकवस्ती व कायदा हीं ठरवितात. तींत नांगराचा वांटा नसतो.

आमचें सांताक्रूझच पाहा. वाकोला व कालिना या बाजूस एके काळीं भातखाचरें व खाजणें होतीं. आगगाडी आली, नगररचना झाली, विमानतळ झाला; 1950 सालीं हा भाग बृहन्मुंबईंत गेला. पुढें मिठी नदीकांठच्या खाजणांत भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभें राहिलें. माझ्या आजोबांनीं आपलीं खाचरें भाताच्या हिशेबानें विकलीं. घेणारानें तीं जागेच्या हिशेबानें घेतलीं. आलेला पैसा दोन लग्नांत व घराच्या कौलांत सरला आणि वडिलांनीं गिरणीची वाट धरली. कोणीं फसविलें असें म्हणवत नाहीं. आजोबांस दुसरी किंमत ठाऊकच नव्हती.

परदेशांतही हाच प्रकार आहे. 2023 सालीं नेदरलंड्समध्यें नांगराखालील जमीन हेक्टरीं सरासरी 90 हजार युरोंच्या घरांत होती. फ्रान्समध्यें खंडानें न दिलेली शेतजमीन 6 हजार युरोंच्या आसपास. फ्रान्सची माती कांहीं पंधरापट हलकी नाहीं. नेदरलंड्समध्यें जमीन थोडी व वस्ती दाट. उलट फ्रान्समध्यें 1960 च्या कायद्यानें 'साफेर' नांवाच्या संस्था निघाल्या. शेतजमीन विकली जात असतां ती आधीं आपण घेण्याचा हक्क त्यांस असल्यानें भाव भरमसाट चढूं लागल्यास त्या मध्यें पडूं शकतात. अमेरिकेंत 2024 सालीं पिकाऊ जमिनीची सरासरी एकरीं साडेपांच हजार डॉलरांच्या पुढें होती, तर मक्याच्या आयोवा राज्यांत ती साडेअकरा हजारांच्या जवळ होती. येथें मात्र फरक बहुतांशीं मातीचा आहे. म्हणून नुसता आंकडा ऐकून भागत नाहीं. तो कशाचा आहे हें विचारलें पाहिजे.

यावरून माझें सांगणें तीन प्रकारचें आहे. शेतीसाठीं जमीन घेणारानें किंमत पिकाच्या उत्पन्नांतून किती वर्षांत फिटेल तें आधीं मांडावें. जागेचा भाव देऊन ज्वारी पिकविणारा कर्जांतून वर येत नाहीं. विकणारानें सौद्यापूर्वीं विकास आराखडा व नियोजित रस्ते यांची चौकशी करावी, कारण घेणारानें ती बहुधा केलेलीच असते. तिसरी गोष्ट, खरेदीखतांत खरी किंमत लिहावी. मुद्रांकाचे चार पैसे वांचविण्यासाठीं कमी किंमत दाखविण्याची खोड गांवोगांव आहे. परंतु 2013 च्या भूसंपादन कायद्याप्रमाणें मोबदला ठरवितांना आसपासच्या मागील तीन वर्षांच्या खरेदीखतांचाही आधार घेतला जातो. आज एकानें लिहिलेला खोटा आंकडा उद्यां साऱ्या गांवाच्या पदरीं पडतो.

जमीन विकूंच नये असें मी म्हणत नाहीं. अडीनडीस विकावी लागते. पण आपण माती विकतों कीं जागा, एवढें तरी सही करण्यापूर्वीं प्रत्येकास कळलें पाहिजे. वाचकांनीं याचा विचार करावा, इतकीच विनंती.