अश्रूंना त्यांचे काम करू द्या

दसरा जवळ आला की परभणी जिल्ह्यात सोयाबीनच्या राशी सुरू होतात. पाठोपाठ कापसाची वेचणी आणि पुढे तुरीची मळणी. मळणी यंत्रासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या नाकातोंडावर रुमाल असतो, डोळे मात्र उघडेच. मग भुसकटाचा कण किंवा कुसळ डोळ्यात जाते, डोळा चुरचुरतो आणि घळाघळा पाणी वाहू लागते. ते पाणी कसे थांबवायचे, याचीच सगळ्यांना घाई होते. वास्तविक त्या क्षणी डोळ्याची राखण तेच पाणी करीत असते.

अश्रू म्हणजे रडण्याचे पाणी, अशी आपली समजूत आहे. पण न रडणाऱ्या माणसाच्या डोळ्यातही ते दिवसभर तयार होतात. आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी मिटतो आणि दर वेळी अश्रूंचा पातळ थर डोळ्यावर नव्याने पसरतो. या थरात तीन गोष्टी असतात. डोळ्याला धरून ठेवणारा चिकट स्राव, त्यावर अश्रुग्रंथीतून आलेले पाणी आणि ते वाळू नये म्हणून पापण्यांच्या कडेच्या ग्रंथींतून येणारे तेल. काम झालेले पाणी नाकाजवळच्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रांतून नाकात उतरते. रडताना नाक गळते ते म्हणूनच.

बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, रक्तवाहिन्या नसतात. रक्तवाहिन्या असत्या तर त्यातून आरपार दिसलेच नसते. त्यामुळे हवेतला प्राणवायू त्याला मिळतो तो अश्रूंत विरघळून. शिवाय अश्रूंत जंतूंचा नाश करणारे पदार्थ असतात. पेनिसिलिनच्या शोधाआधी सहा वर्षे, १९२२ मध्ये, अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी लायसोझाइम हा असाच पदार्थ जगासमोर मांडला. तो अश्रूंत भरपूर असतो. अभ्यासासाठी अश्रू मिळावेत म्हणून फ्लेमिंग सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबाचा रस पिळत! कांदा चिरताना किंवा धूर लागल्यावर येणारे पाणी ही या राखणदाराचीच जादा कुमक असते. मन भरून आल्यावर येणारे अश्रू याहून वेगळे. त्यांचे नेमके प्रयोजन काय, यावर शास्त्रज्ञांत अजून चर्चा चालू आहे.

एवढी चोख व्यवस्था असताना आपण करतो काय? डोळा चोळतो. चोळल्याने कण कॉर्नियावर घासला जातो आणि ओरखडा पडतो. मग कोणी पदराच्या टोकाने, कोणी काडीने, तर कोणी जिभेने कण काढून देतो. डोळ्यात मध, एरंडेल किंवा कुठल्या तरी पाल्याचा रस घालणारेही आहेत. ओरखड्यातून जंतू किंवा बुरशी आत शिरली की जखम चिघळते. पिकाचे पान किंवा कुसळ लागून झालेल्या जखमेत बुरशीची भीती अधिक.

सर्वांत घातक सवय मात्र औषध दुकानातून विचारून थेंब आणण्याची. लाली झटकन उतरवणाऱ्या अनेक थेंबांत स्टेरॉइड असते. त्याने डोळा दोन दिवस बरा वाटतो आणि तेवढ्यात आतली बुरशी फोफावते. जखम भरली तरी तिथे पांढरा डाग राहतो. त्यालाच आपल्याकडे ‘डोळ्यात फूल पडणे’ म्हणतात. फूल बुबुळाच्या मधोमध पडले तर नजर जाते आणि ती परत मिळवायला अनेकदा नेत्ररोपणाचीच वाट पाहावी लागते. कमावत्या वयातल्या माणसाचा डोळा एका कुसळापायी जावा, हे मान्य करण्यासारखे नाही.

उपाय साधे आहेत. कण गेला की डोळा चोळू नये, पापण्यांची उघडझाप करावी आणि पाणी वाहू द्यावे. तेवढ्याने न निघाल्यास उकळून गार केलेल्या स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा. तरीही टोचत असेल, डोळा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. रास आटोपण्याची वाट पाहू नये.

बारा महिने डोळ्यांतून पाणी येत असेल तर तेही दाखवून घ्यावे. अनेकदा डोळा कोरडा पडल्यामुळेच उलट जास्त पाणी येते. वाढते वय, परभणीच्या उन्हाळ्यातली कोरडी हवा आणि पापणी न लववता तासन्‌तास पाहिलेला मोबाइल, या तिन्हींनी कोरडेपणा वाढतो.

पण सगळा भार एकट्या शेतमजुरावर टाकून चालणार नाही. मळणी यंत्र भाड्याने देणाऱ्याने यंत्रासोबत दोन-चार संरक्षक चष्मे द्यावेत. स्टेरॉइडचे थेंब डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत हा नियम आहे. तो दुकानदारांनी पाळावा आणि यंत्रणेने पाळायला लावावा. राशींचा हंगाम लागण्याआधी आशाताई आणि कृषी सहायक यांनी हे चार शब्द गावागावांत सांगितले, तरी पुष्कळ डोळे वाचतील.

निसर्गाने प्रत्येक डोळ्यावर एक पहारेकरी नेमला आहे. त्याच्या मदतीला चष्मा द्यावा आणि त्याच्या आड मात्र येऊ नये.