रीस्टार्टचा एवढा बाऊ कशाला?

मॉड्युलर वेब ॲप्लिकेशनची आखणी सुरू झाली की एक मागणी हमखास पुढे येते. ग्राहकाने प्लगइन फोल्डरात टाकावा, त्यातले कंट्रोलर आपोआप सापडावेत, रूट चालू व्हावेत, आणि हे सारे सर्व्हर न थांबवता. त्यावर दुसरा पक्ष म्हणतो, हे सगळे थेर आहेत. सर्व मॉड्यूल मुख्य प्रकल्पालाच जोडा आणि एकदाच बिल्ड करा. मला दोन्ही मते अमान्य आहेत. कंट्रोलर डायनॅमिक पद्धतीने जरूर लोड करावेत, पण ॲप्लिकेशन सुरू होताना. चालत्या प्रक्रियेत नव्हे.

आधी पहिल्या पक्षाचे म्हणणे पाहू. एएसपी.नेट कोअरमध्ये हे करता येते, यात वाद नाही. प्लगइनची डीएलएल लोड करून ॲप्लिकेशनपार्टमॅनेजरकडे सोपवली की फ्रेमवर्क तिच्यातले कंट्रोलर स्वतः हुडकते: पब्लिक असलेले, ॲबस्ट्रॅक्ट किंवा जेनेरिक नसलेले आणि सहसा नावाच्या शेवटी ‘कंट्रोलर’ असलेले वर्ग. मग आयॲक्शनडिस्क्रिप्टरचेंजप्रोव्हायडरमार्फत बदलाची वर्दी दिली की रूटची यादी नव्याने बांधली जाते. आत्तापर्यंत ४०४ देणारा पत्ता उत्तर देऊ लागतो आणि डेमो पाहणारे खूश होतात.

पण त्या कंट्रोलरच्या कन्स्ट्रक्टरला प्लगइनचीच एखादी सर्व्हिस हवी असली, की गाडी अडते. डिपेन्डन्सी इंजेक्शनचा कंटेनर ॲप्लिकेशन सुरू होताना एकदा बांधला जातो. नंतर त्यात नवी नोंद करता येत नाही. रूट सापडतो, कंट्रोलर सापडतो, आणि सर्व्हिस मिळत नाही म्हणून पानावर ५०० येतो. मिडलवेअर आणि पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सेवा यांचीही तीच कथा. मग प्रत्येक प्लगइनसाठी वेगळा कंटेनर, त्याला मुख्य कंटेनरशी जोडणारा पूल, अशी ठिगळे लागत जातात.

प्लगइन काढणे त्याहून अवघड. .नेट कोअर ३.० मध्ये, २०१९ साली, असेंब्लीलोडकॉन्टेक्स्ट अनलोड करण्याची सोय आली. पण अनलोड ही विनंती आहे, हुकूम नव्हे. कुठे एखादा टायमर चालू राहिला, स्टॅटिक इव्हेंटला जोडलेला हँडलर सुटला नाही, एखाद्या कॅशने प्लगइनमधला टाइप धरून ठेवला, की अख्खा कॉन्टेक्स्ट मेमरीत ठाण मांडून बसतो. त्यावर नवी आवृत्ती चढवली की जुनी आणि नवी दोन्ही एकाच घरात. मग एके दिवशी लॉगमध्ये अजब तक्रार येते: ‘इन्व्हॉइस’ या टाइपचे ‘इन्व्हॉइस’मध्ये रूपांतर करता येत नाही. नाव तेच, पण लोड दोन कॉन्टेक्स्टमधून झालेले. रनटाइमच्या लेखी ते दोन वेगळे टाइप. ज्याने हा घोळ रात्री निस्तरला आहे, तो रीस्टार्टला नावे ठेवत नाही.

‘मग वर्डप्रेसला कसे जमते?’ असा प्रश्न इथे ठरलेला. वर्डप्रेसमध्ये प्लगइनची सोय २००४ पासून आहे, हे खरे. पण पीएचपीत प्रत्येक विनंतीगणिक सारी मांडणी नव्याने होते; म्हणजे तिथे दर विनंतीला एक छोटा रीस्टार्टच होतो. सतत चालणाऱ्या प्रक्रियेशी त्याची तुलना गैरलागू आहे. जावावरचे जेन्किन्स घ्या: नवा प्लगइन चालू असताना बसवता येतो, पण बसवलेल्याची आवृत्ती बदलायची तर रीस्टार्ट लागतोच.

वेगळ्या कॉन्टेक्स्टमुळे सुरक्षितता मिळते, हाही भ्रमच. ती भिंत टाइप वेगळे ठेवते, अधिकार नव्हे. प्लगइनचा कोड मुख्य प्रक्रियेच्याच हक्कांनी चालतो. ज्याच्यावर विश्वास नाही असा कोड वेगळ्या प्रक्रियेतच हवा.

आता दुसरा पक्ष. सगळे एकत्र बिल्ड करा, हा सल्ला एकाच संस्थेच्या अंतर्गत प्रणालीला शोभतो. पण एकच उत्पादन अनेक ग्राहकांकडे जाते तेव्हा एकाला जादा अहवाल हवा असतो, दुसऱ्याला वेगळी पेमेंट जोडणी, आणि तिसऱ्याचा प्लगइन भलत्याच कंपनीने लिहिलेला असतो. प्रत्येकासाठी मुख्य प्रकल्पाची वेगळी बिल्ड काढायची, म्हणजे मॉड्यूल नावापुरतेच उरले.

म्हणून मार्ग असा. ॲप्लिकेशन सुरू होताना प्लगइनचे फोल्डर वाचावे. प्रत्येकाला स्वतंत्र कॉन्टेक्स्ट द्यावा, म्हणजे एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या भांडणार नाहीत. सामाईक इंटरफेसची डीएलएल मात्र मुख्य ॲप्लिकेशनचीच. प्लगइनच्या फोल्डरात तिची प्रत ठेवूच नये, नाहीतर वरचा ‘इन्व्हॉइस’ पुन्हा भेटेल. कंटेनर बांधण्याआधी प्लगइनला आपल्या सर्व्हिस नोंदवू द्याव्यात, मग कंट्रोलर जोडावेत. आवृत्ती जुळत नसेल तर तो प्लगइन वगळून लॉगमध्ये स्पष्ट कारण लिहावे. चालत्या प्रणालीत लोड झालेली सुविधा चालू-बंद करावी, कोड बदलू नये. ऑर्चर्ड कोअरची रीत याच अंगाची आहे: मॉड्यूल बिल्डच्या वेळीच जोडलेली असतात, आणि सुविधा चालू-बंद केली की प्रक्रिया न थांबवता फक्त त्या टेनंटचा कंटेनर नव्याने उभा राहतो. नॉपकॉमर्स तर प्लगइन बसवल्यावर सरळ ॲप्लिकेशन रीस्टार्ट करते, आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

उरला डाउनटाइमचा आक्षेप. लोड बॅलन्सरमागे दोन सर्व्हर ठेवा आणि एकामागून एक रीस्टार्ट करा. ग्राहकाला पत्ताही लागत नाही. त्यात सेशन हरवत असतील, तर दोष सेशन प्रक्रियेच्या मेमरीत ठेवणाऱ्या रचनेचा आहे. ऑपरेटिंग सिस्टमच्या पॅचसाठी किंवा क्रॅश झाल्यावर हाच सर्व्हर केव्हातरी उठणार-बसणार आहेच. तेव्हा रीस्टार्ट टाळण्यात घालवायचे कष्ट रीस्टार्ट निर्धोक करण्यात घालवा. ते प्लगइन नसलेल्या दिवशीही कामी येतील.