मालिकेतील बोली : काही विचार



दूरचित्रवाणी मालिकेची कथा, पटकथा आणि संवाद यांचे लेखन अनेकदा वेगवेगळ्या व्यक्ती करतात. यांपैकी संवादासंबंधी एक मत येथे मांडतो. ते आपण पारखून घ्यावे.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. चि. वि. जोशी यांच्या कथांवरील ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ या मालिकेने मध्यमवर्गीय घरातील बोलणे पडद्यावर आणले. बोली मात्र दीर्घकाळ बहुधा नोकराच्या किंवा विनोदी पात्राच्या वाट्याला येत राहिली. ‘तुझ्यात जीव रंगला’ (२०१६) मध्ये कोल्हापूरकडील आणि ‘लागिरं झालं जी’ (२०१७) मध्ये साताऱ्याकडील बोली नायकाच्या तोंडी आली, ही म्हणूनच महत्त्वाची घटना होय.

तरीही अनेक मालिकांत बोली वरून चढविलेली वाटते. ‘आहे’चे ‘हाय’ आणि ‘पाणी’चे ‘पानी’ केले की संवाद ग्रामीण झाला, अशी समजूत दिसते. वाक्याचा सांगाडा प्रमाण मराठीचाच राहतो. वस्तुतः बोलीचे वेगळेपण केवळ उच्चारात नसते. आमच्या सोलापूरकडे ‘काय करतोयस?’ऐवजी ‘काय करायलास?’ असे विचारतात. येथे क्रियापदाची रचनाच निराळी आहे. शिवाय घरी तेलुगू किंवा कन्नड, बाजारात दखनी आणि कचेरीत प्रमाण मराठी बोलणारा माणूस या शहरात सहज भेटतो. तो कोणापुढे भाषा बदलतो, यावरून त्याचा आदर, जवळीक वा संकोच प्रेक्षकाला न सांगता कळतो. संवादलेखकाची खरी सामग्री हीच आहे.

मालिका साऱ्या महाराष्ट्राला समजली पाहिजे, हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठी अपरिचित शब्द मोजके ठेवावेत. परंतु वाक्यरचना व लय जपावी. प्रसंग स्पष्ट असेल तर अर्थ अडत नाही.

हा प्रश्न केवळ तंत्राचा नाही. संपर्कसत्रांत कित्येक विद्यार्थी “सर, आमचं मराठी अशुद्ध आहे,” असे सांगूनच बोलू लागतात. आपली भाषा पडद्यावर हशा पिकविण्यापुरतीच येते, हे वर्षानुवर्षे पाहिलेल्यास दुसरे काय वाटावे? हा न्यूनभाव जोपासण्यात संवादलेखकाचा वाटा आहे. तो दूर करणेही त्याला शक्य आहे.

म्हणून स्वाध्याय लिहिण्यापूर्वी आपल्या घरातील दहा मिनिटांचे संभाषण लक्षपूर्वक ऐका आणि जसेच्या तसे उतरवून काढा. त्यातील क्रियापदांची रूपे अधोरेखित करा. ज्याला आपण अशुद्ध म्हणत होतो, त्यालाही नियम आहेत, हे आपल्याच वहीत आपणांस दिसेल.